मेन्स्ट्रुअल कप वापरताना या चुका टाळा

मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचे रक्त साठवण्यासाठी योनीमार्गात ठेवायचा सिलिकॉनचा मऊ कप, हौसेने विकत घेऊन दोन पाळ्यांनंतर कपाटात ठेवून दिलेल्या स्त्रिया सोलापुरातही पुष्कळ भेटतात. कारण विचारले, तर ‘गळतो’, ‘टोचतो’ किंवा ‘काढताच येत नाही’ यांपैकी एखादे उत्तर मिळते आणि त्या उत्तरासोबत कप हीच वस्तू सदोष असल्याचा निष्कर्षही मिळतो. प्रत्यक्षात यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ कप कोणत्या मापाचा निवडला, कोणत्या दिशेने आत सरकवला आणि किती घाईने ओढून काढला यांत असते. ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कपाचा सराव होण्यास काही पाळ्या जाव्या लागतात, मात्र एकदा सराव झाला की सुमारे ७० टक्के स्त्रियांना तो पुढेही वापरावासा वाटतो, असे त्यात दिसून आले. म्हणून पहिल्या पाळीतच कपावर पूर्ण भिस्त ठेवणे ही पहिली चूक होय. सुरुवातीच्या काळात सोबत कापडी किंवा साधे पॅड लावावे. पहिला प्रयत्न सुट्टीच्या दिवशी घरी करावा; गड्ड्याच्या यात्रेला निघण्याच्या सकाळी किंवा कारखान्यात कामावर जाण्याच्या घाईत तो करू नये.

माप निवडताना

दुकानात किंवा ऑनलाइन खरेदी करताना वय आणि बाळंतपण एवढ्याच दोन गोष्टी विचारल्या जातात. तिशीच्या आतील व नैसर्गिक प्रसूती न झालेल्या स्त्रीने लहान कप घ्यावा आणि इतरांनी मोठा, हा ढोबळ नियम सुरुवातीला उपयोगी पडतो, पण तो पुरेसा नाही. कंपन्यांची मापे एकसारखी नसतात. एका कंपनीचा ‘मध्यम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘मोठ्या’एवढा असू शकतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गर्भाशयमुख किती खाली आहे. पाळीच्या दिवसांत स्वच्छ धुतलेले मधले बोट आत घातल्यावर नाकाच्या शेंड्यासारखा जो टणकसर भाग लागतो, तेच गर्भाशयमुख. ते बोटाच्या पहिल्या पेरापाशीच लागत असेल, तर लांब कप बाहेर डोकावेल आणि बसताना टोचेल, म्हणून आखूड कप हवा. संपूर्ण बोट आत गेल्यावरही ते लागत नसेल, तर लांब कप किंवा लांब देठाचा (बुडाला असलेल्या बारीक दांडीचा) कप काढायला सोपा जातो. हे मोजमाप पाळी चालू असतानाच करावे, कारण गर्भाशयमुखाची उंची महिनाभर सारखी राहत नाही.

कप खालून जरासा टोचतो म्हणून पहिल्याच दिवशी देठ कापून टाकण्याची घाई अनेकजणी करतात. पुढे काही पाळ्यांनंतर कप योग्य उंचीवर बसू लागला की तोच देठ काढताना हाताशी लागणारा एकमेव आधार ठरतो. कापायचाच असेल, तर कप बाहेर काढून थोडाथोडा कापावा, कापलेली कड खरखरीत राहू देऊ नये आणि कपाच्या बुडाला कात्री लागू देऊ नये.

हात धुण्याबद्दल

‘हात स्वच्छ धुवा’ ही सूचना प्रत्येक माहितीपत्रकात असते, पण सोलापुरातील स्वयंपाकघरात तिला आणखी एक पदर आहे. शेंगाचटणीसाठी तिखट मिसळल्यानंतर किंवा मिरच्यांची देठे काढल्यानंतर बोटांवर राहणारा झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही. नुसत्या पाण्याने धुतलेला हात स्वच्छ दिसतो, परंतु नाजूक त्वचेला लागताच आग होते आणि दोष कपाच्या सिलिकॉनवर जातो. अशा वेळी बोटांना आधी थोडे गोडेतेल चोळून मग साबणाने दोनदा धुवावे, नखांच्या कडाही घासाव्यात. विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बोटांवरील तंबाखूच्या भुकटीबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. वाढलेली नखे हे तर ओरखड्यांचे सरळ कारण आहे.

आत सरकवताना

योनीमार्ग सरळ वर जात नाही; तो मागे, माकडहाडाच्या दिशेने तिरका असतो. कप सरळ वर ढकलणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक असून ‘आतच जात नाही’ या तक्रारीचे तेच मुख्य कारण असते. उकिडवे बसून किंवा एक पाय उलट्या बादलीवर ठेवून, कप घडी घालून मागच्या दिशेने सरकवावा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी घडी सर्वांना शिकवली जाते, पण तिची पुढची कड रुंद राहते. ज्यांना ती जड जाते, त्यांनी कडेचा एक बिंदू बोटाने आत बुडाकडे दाबून केलेली निमुळती घडी करून पाहावी. नवशिक्यांसाठी माझ्या मते तीच अधिक सोयीची आहे. कोरडेपणा वाटत असेल, तर कपाची कड स्वच्छ पाण्याने ओली करावी किंवा पाण्यावर आधारित वंगण लावावे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नये. श्वास रोखून स्नायू आवळले गेले असतील, तर तेव्हा जोर लावणे व्यर्थ असते; थांबून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा.

अविवाहित मुलींच्या आयांना एक शंका हमखास असते. कपामुळे योनीपटल ताणले किंवा फाटले जाऊ शकते, हे खरे आहे. मात्र योनीपटलाच्या स्थितीवरून मुलीच्या कौमार्याविषयी काहीही सांगता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. मुलीला स्वतःला तयारी वाटत नसेल, तर तिच्यावर कप लादण्याचे काही कारण नाही.

गळती: आधी कपात पाहावे

गळती झाली की बहुतेकजणी कप काढून बेसिनमध्ये रिकामा करतात आणि मोकळ्या होतात. खरे तर त्या क्षणी कपात किती रक्त साठले आहे, हे पाहणे सर्वांत उपयोगाचे असते, कारण गळतीचे निदान तिथेच होते.

कप जवळजवळ रिकामा आणि पॅड मात्र ओले, अशी स्थिती असेल, तर कप गर्भाशयमुखाच्या खाली न बसता त्याच्या बाजूला सरकलेला असतो. रक्त कपाच्या बाहेरूनच वाहून जाते. अशा वेळी कप घालण्यापूर्वी बोटाने गर्भाशयमुख कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. अनेकींच्या बाबतीत ते मध्यभागी नसून किंचित डावी-उजवीकडे झुकलेले असते. त्याच दिशेचा अंदाज घेऊन कप थोडा खालीच उघडू द्यावा आणि नंतर वर सरकवावा. आधी खूप वर नेऊन मग उघडला, तर तो गर्भाशयमुखाला बगल देऊन जातो.

कप अर्धा भरलेला असताना गळत असेल, तर प्रश्न कडेच्या पकडीचा आहे. कप घातल्यावर त्याच्या बुडाभोवती बोट फिरवून पाहावे. बूड गोल लागले तर कप उघडला आहे, चपटे किंवा दुमडलेले लागले तर नाही. देठाऐवजी बूड चिमटीत धरून कप किंचित फिरवला किंवा घडीच्या बाजूने बोटाने भिंत हलकेच मागे दाबली, की तो बहुधा उघडतो. कपाच्या कडेखाली असलेली बारीक छिद्रे बुजलेली असतील, तरीही पकड नीट बसत नाही. ती पाण्याने भरलेला कप तळहातावर पालथा दाबून मोकळी करता येतात. क्वचित दोष यापेक्षाही वेगळा असतो: मलावरोध असेल, तर भरलेले गुदाशय मागून कपाला दाबते, आणि शौचाला कुंथल्यावर कप खाली सरकतो. म्हणून शौचानंतर कप जागेवर आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.

कप काठोकाठ भरलेला असेल, तर ती गळती नसून ओसंडणे आहे आणि उपाय एवढाच की तो लवकर रिकामा करावा. येथे मात्र थोडे गणित करावे. बहुतेक कपांत साधारण २० ते ३० मिलिलीटर रक्त मावते, तर संपूर्ण पाळीत सर्वसाधारणपणे ३० ते ४० मिलिलीटर रक्तस्राव होतो. ८० मिलिलीटरच्या पुढे गेला, तर तो अतिरक्तस्राव मानतात. पॅडवर हे कधी नेमके कळत नाही, कपात कळते. दर दोन-तीन तासांनी कप भरत असेल, तर मोठा कप शोधण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

कप रिकामा करून परत घातल्यावर पहिल्या तासात लागलेले एक-दोन डाग ही गळती नव्हे. कपाच्या खाली भिंतीला राहिलेले रक्त तेवढे खाली येते.

काढताना

देठ धरून सरळ ओढणे ही काढतानाची मोठी चूक आहे. आत तयार झालेला निर्वात दाब तसाच असताना ओढल्यास दुखते, आणि तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल, तर तिचे धागे ओढले जाऊन ती जागेवरून हलण्याचा धोका असतो. उकिडवे बसून खाली हलकासा जोर द्यावा, देठाच्या आधाराने बूड चिमटीत पकडावे, ते दाबून हवा आत जाऊ द्यावी आणि मग डावी-उजवीकडे किंचित हलवत, एक कड आधी बाहेर येईल अशा रीतीने कप काढावा. या बाबतीत भारतीय पद्धतीचा संडास कमोडपेक्षा सोयीचा ठरतो. मात्र कप हातातून निसटून भांड्यात पडण्याची भीतीही तिथेच असते, म्हणून सुरुवातीला न्हाणीघरात सराव केलेला बरा.

कप पोटात हरवत नाही. गर्भाशयमुखाचे छिद्र इतके बारीक असते की त्यातून कप वर जाणे शक्यच नाही. हाताला लागत नसेल, तर अर्धा तास चालावे, मग पुन्हा बसून प्रयत्न करावा. तरीही निघाला नाही, तर रात्र अंगावर न काढता दवाखाना गाठावा; तिथे तो काही मिनिटांत काढून मिळतो.

पाणी आणि उकळणे

उजनीचे पाणी शहराच्या अनेक भागांत रोज येत नाही, आणि कपाला फार पाणी लागेल या धास्तीने काहीजणी तो वापरायचा विचारच सोडून देतात. ही धास्ती अवाजवी आहे. प्रत्येक वेळी उकळण्याची गरज नसते. पाळी सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर एकदा पाच ते दहा मिनिटे उकळावा, मधल्या दिवसांत पिण्यायोग्य पाण्याने खळखळून धुतला तरी पुरते. बाहेर असताना लहान बाटलीतले पाणी पुरते, तेही नसेल तर स्वच्छ कागदाने पुसून परत घालावा आणि घरी आल्यावर नीट धुवावा. बोअरच्या जड पाण्यात उकळल्यास कपावर पांढरा थर चढतो आणि बारीक छिद्रे बुजू लागतात, त्यामुळे उकळण्यासाठी नळाचे किंवा जारचे पाणी घ्यावे. त्यासाठी स्टीलचे वेगळे छोटे पातेले ठेवले, की घरातली कुरबूरही टळते. पाणी आटून कप बुडाला लागला, तर तो खराब होतो; गॅसवर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये.

सोडा, ब्लीच, डेटॉल, भांड्यांचा साबण किंवा सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ यांपैकी काहीही वापरू नये. डाग पडल्याने कप निकामी होत नाही. धुऊन थोडा वेळ उन्हात ठेवला की ते फिके होतात, आणि ऊन ही सोलापुरात दुर्मीळ वस्तू नाही. कप झाकणाच्या प्लास्टिक डबीत बंद करू नये, सुती पिशवीत ठेवावा. पृष्ठभाग चिकट लागू लागला किंवा कडेला चीर दिसली, तर तो बदलावा.

कधी थांबावे

लघवीची धार बारीक होणे किंवा लघवीला सारखे जावेसे वाटणे हे बहुधा जास्त कडक कप पुढून मूत्रमार्गाला दाबत असल्याचे लक्षण असते. मऊ किंवा लहान कपाने ते थांबते. पाठीच्या एका बाजूला, बरगडीखाली दुखू लागले, तर कप लगेच काढावा व डॉक्टरांना दाखवावे. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे आणि डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय कप वापरू नये. योनीमार्गात संसर्गावर उपचार चालू असताना, तसेच अंग बाहेर येण्याचा त्रास असताना आधी सल्ला घ्यावा. तांबी असलेल्या स्त्रियांनीही बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. धागे आखूड करून घेता येतात.

रात्रभर ठेवता येतो म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवणे मात्र धोक्याचे आहे. रक्तस्राव कमी असला, तरी १२ तासांच्या आत कप काढून धुतलाच पाहिजे. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जिवाणूंच्या विषामुळे होणारा आजार कपाच्या बाबतीत अतिशय विरळ आहे, पण आढळलेला आहे. अचानक चढलेला ताप, उलट्या किंवा जुलाब, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखे अंगावरील लाल चट्टे यांपैकी काही पाळीच्या दिवसांत दिसले, तर कप ताबडतोब काढावा, त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि कप वापरत होतो हे डॉक्टरांना न लाजता सांगावे.