हळदीकुंकूची हळद कुठे उडते?

घाणेरीच्या झुडपावर हळदीकुंकू फुलपाखरू बसलंय. पंख मिटलेले, पिवळ्यावर लाल ठिपक्यांची किनार, सकाळचे दहा. मागच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, हिस्टोग्रामही, म्हणजे डावीकडे काळं ते उजवीकडे पूर्ण पांढरं असा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकलेला नाही. घरी येऊन झूम करावं तर पिवळा भाग सपाट, प्लॅस्टिकच्या चकतीसारखा. पंखांवरच्या बारीक खवल्यांचा मागमूस नाही. इथे बहुतेक जण फोकसला दोष देतात आणि महागड्या लेन्सच्या चौकशा सुरू करतात. थांबा. लेन्सचा काहीच दोष नाही.

पांढऱ्या रंगात दिसणारा साधा हिस्टोग्राम एकूण उजेडाचा असतो. त्यात हिरव्याचं वजन सर्वांत जास्त, लालचं त्याच्या निम्मं आणि निळ्याचं अगदी किरकोळ. आता आकडे घालून बघा, प्रत्येक रंगाची पट्टी (चॅनल) ० ते २५५. हळदी पिवळ्यात लाल २५५, हिरवा १९० आणि निळा ३० असेल, तर एकूण उजेड येतो साधारण १९१. म्हणजे आलेख भिंतीपासून चांगला लांब, पण लाल चॅनल केव्हाच भरून वाहतोय. खवल्यांचा पोत लाल आणि हिरव्यातल्या बारीक चढउतारांतून दिसतो. त्यातला लाल २५५ वर गोठला की पोताचा मोठा हिस्सा गेला. वर कोणी सॅच्युरेशन ओढलं की उरलासुरलाही जातो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. कॅमेऱ्यात तिन्ही चॅनलचा हिस्टोग्राम चालू करा. पिक्चर प्रोफाइल ‘व्हिविड’वर असेल तर ‘न्यूट्रल’वर आणा. गडद पानांसमोर पिवळं किंवा पांढरं फुलपाखरू असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) −२/३ स्टॉप, कडक उन्हात −१. लाल आलेख भिंतीला चिकटला की आणखी एक तृतीयांश खाली.

एक दिलासाही आहे. तो हिस्टोग्राम रॉचा (सेन्सरच्या कच्च्या फाइलचा) नसतो, कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगचा असतो, आणि उन्हाच्या व्हाइट बॅलन्सला (उजेडानुसार रंगांचा तोल साधताना) लाल चॅनल बराच वाढवलेला असतो. त्यामुळे स्क्रीनवर उडालेला लाल रॉमध्ये शाबूत असू शकतो. तेव्हा शेतातच डिलीट मारू नका. घरी रॉ उघडून एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, घ्या. शिरांच्या मधली रवाळ नक्षी परत आली तर फोटो जिवंत आहे. नाही आली तर तासभर मास्क (फोटोचा ठरावीक भागच बदलायची निवड) रंगवूनही येणार नाही, तो नाद सोडा.

राणी पाकोळीचं, म्हणजे २०१५ साली राज्य फुलपाखरू झालेल्या ब्ल्यू मॉरमॉनचं, गणित वेगळ्या कारणाने चुकतं. फ्रेम काळ्या पंखांनी भरली की कॅमेऱ्याचा प्रकाशमीटर घाबरून उजेड वाढवतो. मग काळा राखाडी होतो आणि निळा धुतलेल्या जीन्ससारखा. इथेही −१ पासून सुरुवात. एडिटिंगमध्ये ‘शॅडोज’ उचलायचा मोह आवरा. त्या काळ्यात दाखवण्यासारखं फारसं नसतं, नॉइज (रंगीत दाणे) मात्र भरपूर असतो.

फोकसचं थोडक्यात. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर सहा सेंटिमीटरचा पंख फ्रेमभर घेतला तर एफ/८ ला जेमतेम तीन मिलिमीटर खोली मिळते. म्हणून सेन्सर मिटलेल्या पंखाला समांतर धरायचा आणि डोळ्यावर फोकस. हातात धरून १/५०० च्या खाली नको, आयएसओ १६०० ला बिचकू नका. सावली त्याच्या अंगावर पडू देऊ नका, बाकी कपड्यांच्या रंगावरची व्याख्यानं ऐकून सोडून द्या.

जवळ जायचा सराव करायचा तर पावसाळा सरताना खुळखुळ्याची झाडं शोधा. वाळक्या फांद्यांवर ब्ल्यू टायगर आणि प्लेन टायगरचे नर त्यातली अल्कलॉइडं शोषण्यात इतके गुंग असतात की वीतभर अंतरावर लेन्स आली तरी हलत नाहीत. ठाण्याच्या ओवळेकर वाडीसारखी फुलपाखरांसाठीच राखलेली बाग जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी ठेवा. कॉमन मॉरमॉन त्यावर अंडी घालतं, आणि कोशातून नुकतं निघालेलं फुलपाखरू पंख वाळेपर्यंत जागचं हलत नाही. माझ्या मते कुठल्याही कार्यशाळेपेक्षा ही कुंडी जास्त शिकवते. फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढायची ‘युक्ती’ सांगणारा गुरू भेटला तर त्याचा नंबर डिलीट करा.

आता कलाकुसर. आधी व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर, मग पंखांचा मास्क. मास्कच्या आत ‘टेक्स्चर’ +१५ ते +२५. ‘क्लॅरिटी’ नको, तिने मिशांभोवती पांढरी झालर येते. पिवळा गडद हवा असेल तर सॅच्युरेशनऐवजी पिवळ्याचा ल्युमिनन्स (उजळपणा) −१० करा. पार्श्वभूमीचा हिरवा वेगळा धरून सॅच्युरेशन −२० आणि छटा किंचित निळ्याकडे, एवढ्यानेच फुलपाखरू पुढे येतं. मास्क नसलेले साधे विकतचे प्रीसेट (तयार सेटिंग) हे करू शकत नाहीत, कारण तुमच्या फोटोतलं पान कुठे संपतं आणि पंख कुठे सुरू होतो हे त्यांना ठाऊक नसतं.

चित्रासारखा परिणाम हवा असेल तर शेवाळलेल्या भिंतीचा किंवा हातकागदाचा फोटो वरच्या लेयरवर ठेवा, ब्लेंड मोड ‘सॉफ्ट लाइट’, अपारदर्शकता २५ टक्के, आणि फुलपाखरावरून तो मास्कने पुसा. पुसताना ब्रशची कड मऊ ठेवा, मिशांपाशी मात्र कडक. अर्धं फुलपाखरू आरशासारखं उलटवून जोडू नका. दोन्ही पंखांवरचे ओरखडे तंतोतंत सारखे दिसले की चोरी पकडली जाते. एआय डिनॉइज (नॉइज पुसणारं साधन) अर्ध्यावर थांबवा, नाहीतर ते स्वतःच्या मनाचे खवले विणतं.

रंग फिरवण्याआधी मूळ रॉ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कॉमन मॉरमॉनच्या मादीचं एक रूप हुबेहूब कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखं असतं. रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं, एवढीच मोठी खूण. लाल छटा फिरवलेला किंवा धड कापलेला फोटो ओळखीसाठी पाठवलात तर जाणकारसुद्धा काय सांगणार? ओळख विचारताना मूळ फाइलच द्या, सजवलेली भिंतीवर लावा.