जंगल आणि पाणथळीतल्या सोप्या लूपवर जॉगिंग कसं करायचं

लूप म्हणजे फिरून सुरुवातीच्याच जागी येणारी वाट. तिच्या बोर्डवर 'सोपा' लिहिलंय म्हणजे चढ कमी आहे, बाकी काही नाही. वाट कोरडी असेल, सपाट असेल असं कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे रस्त्यावरचा पेस (पळायचा वेग) इथे आणायचाच नाही. तसंही दाट झाडीखाली घड्याळाचा जीपीएस भरकटतो आणि काहीही आकडे दाखवतो, मग अंतर सोडा आणि वेळ धरा, २५-३० मिनिटं हळू पळायचं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटायला लागले की चालायचं, त्यात काही लाज नाही.

पहिला प्रश्न लूप कुठल्या बाजूने सुरू करायचा. एकाच दिशेने जायचा बाण असेल तर विषय संपला, नसेल तर सकाळी मी आधी पाण्याची बाजू घ्या म्हणेन. उघड्यावर उजेड लवकर येतो, जंगलात तेव्हा अजून अंधारच असतो आणि मुळं दिसत नाहीत. शिवाय पहाटे काठावर पक्षी चरत असतात, तो पट्टा तसाही चालतच काढायचा असतो, तर तोच वॉर्मअप. संध्याकाळी उलटं, जंगल आधी उरकायचं. आणि लूपमध्ये एक गोष्ट लोक विसरतात, अर्ध्यावर दमलात की मागे फिरा नाहीतर पुढे जा, अंतर जवळपास सारखंच, म्हणून पहिल्यांदा जाताना आधी एक फेरी नुसती चालून बघा, मधे शॉर्टकट आहे का, पाणी कुठे साचतं, सगळं कळतं.

लाकडी फळ्यांचा रस्ता असतो ना, तो दिसायला छान पण खरा धोका तिथेच. दव पडलं किंवा पाऊस झाला की फळ्यांवरचं शेवाळ साबणासारखं होतं, भारी ग्रिपचे ट्रेल शूज असले तरी ओल्या लाकडावर फार उपयोग होत नाही. तिथे चालायचं, वळणावर तर नक्कीच. मुळांच्या पट्ट्यात पावलं छोटी आणि पटापट टाकायची, पाय जरा उचलून, नजर ३-४ मीटर पुढे, अगदी पायाजवळ बघत राहिलात तर पुढचं मूळ कळेपर्यंत घोटा मुरगळलेला असतो. उन्हातून एकदम सावलीत शिरताना वेग कमी करा, डोळ्यांना सरावायला थोडा वेळ लागतो, गॉगल असेल तर आधीच काढा.

चिखल दिसला की सगळे बाजूच्या गवतातून जातात, मग वाट दर महिन्याला रुंद होत जाते आणि कडेची झाडं तुडवली जातात. तळ दिसत असेल तर सरळ मधून जा, बूट ओले होऊ द्यात, धुता येतात ते.

आता प्राणी-पक्षी, कारण घर त्यांचं आहे. हेडफोन नकोतच, एकवेळ एका कानात चालेल पण आवाज कमी ठेवा. बदकं, बगळे खाणं थांबवून मान वर करून बघायला लागले म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, त्यांनी उडायची वाट बघू नका, तिथूनच चाला किंवा थोडं लांबून जा, उगाच उडावं लागलं की त्यांची खायची वेळ आणि ताकद दोन्ही वाया जाते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर जवळ जमिनीवर अंडी किंवा पिल्लं असणार, फोटोच्या नादात शोधत बसू नका, वाटेवरूनच पटकन पुढे निघा. साप सकाळी ऊन खायला वाटेवर येतात, दिसला की थांबा, मागे सरका, जाऊ द्या त्याला. मोठा प्राणी दिसला तर पळायचं नाही (जॉगिंगला आलोय हे विसरायचं त्या क्षणी), पाठ न फिरवता हळूहळू मागे यायचं, पळणाऱ्याच्या मागे लागायची सवय बऱ्याच शिकारी प्राण्यांना असते. ब्रेड-बिस्किटं टाकू नका, आणि कुत्रा आणायची परवानगी असली तरी पट्टा सोडू नका.

एक सांगायचं राहिलं, झाडीत हवा दमट असते, घाम वाळत नाही, म्हणून सावली असूनही अंग तापतं. पाणी सोबत ठेवा. मोजे लांब घाला, डास आणि गोचिडी दोन्हींसाठी.

घरी आल्यावर गोचीड बघायचीच, गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, केसांच्या कडेला. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची, चटके देणं किंवा रॉकेल लावणं असले उद्योग नकोत, नंतर ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगा. बुटांच्या तळव्यातला चिखल खरवडून काढा, दुसऱ्या पाणथळीवर जाणार असाल तर नक्कीच, त्यातून तणांच्या बिया जातात आणि बेडकांना मारणारी एक बुरशीही ओल्या चिखलातून पसरू शकते. बूट नीट धुवा, आतले सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, हीटरजवळ ठेवले तर गोंद सुटतो.