धर्मचर्चेला तोंड फोडताना या चुका टाळा

इंदूरमध्ये गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हिंदीभाषक घरी ‘सावन’ लागतो आणि मराठी घरात मात्र आषाढाचा वद्य पक्ष सुरू होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या बैठकीत, दोन हिंदीभाषक स्नेही समोर बसलेले असताना, ‘यांचे श्रावणी सोमवार पंधरा दिवस आधीच कसे? चूक नेमकी कोणाची?’ असे मी विचारून बसलो आणि चहा येईपर्यंत बैठकीत दोन तट पडले.

माझी चूक अशी की निकाल प्रश्नातच घालून ठेवला होता. आपण अमावास्येला महिना संपवतो, उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाच्या महिन्याचे नाव दोहोंकडे एकच असते, बदलते ते फक्त कृष्ण पक्षातले. म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी असते आणि माघ वद्य चतुर्दशीची आपली महाशिवरात्र त्यांच्या फाल्गुनात येते, तरी तिथी तीच. त्यामुळे तिथीला बांधलेले सण जुळतात, महिन्याला बांधलेले सोमवार जुळत नाहीत. ‘तुमच्याकडे महिना कसा मोजतात?’ एवढेच विचारले असते तर हे सगळे त्याच बैठकीत, गोडीने कळले असते.

एकादशीच्या बाबतीत तर ही चूक मराठी माणसे आपसांतच करतात. कॅलेंडरवर कधी ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ अशा दोन एकादशा लागोपाठ छापलेल्या असतात, कारण अरुणोदयाच्या वेळी, म्हणजे सूर्योदयापूर्वी चार घटका (९६ मिनिटे), दशमी शिल्लक असेल तर भागवत संप्रदाय तो दिवस सोडून दुसऱ्या दिवशी उपवास करतो. समोरच्याच्या घरी कोणती परंपरा आहे हे न विचारता ‘तुमचा उपवास वाया गेला’ असे म्हणणाऱ्याशी पुढे कोणी चर्चा करीत नाही, आणि करू नये असेच मला वाटते.

‘शास्त्रातच सांगितले आहे’ या वाक्याने सुरुवात करणेही टाळावे. कोणत्या ग्रंथात, हे लगेच सांगता आले पाहिजे. ज्ञानेश्वरीत सुमारे ९,००० ओव्या आहेत आणि वेगवेगळ्या प्रतींत ओव्यांचे क्रमांक थोडे मागेपुढे होतात, म्हणून नुसता क्रमांक न सांगता अध्याय आणि ओवीचा पहिला चरण सांगावा, म्हणजे ऐकणाऱ्याला घरी जाऊन ती काढून पाहता येते. मोबाइलवर फिरत आलेले सुभाषित हा आधार नव्हे.

वेळेचे भान तर हवेच. श्राद्धाच्या पंगतीत श्राद्धाचा अर्थ विचारू नये.

विषय बिघडलाच, तर आपले म्हणणे आणखी मोठ्या आवाजात मांडण्याऐवजी ‘प्रश्न मी चुकीच्या शब्दांत विचारला’ असे स्पष्ट म्हणून तो नव्याने मांडावा. वडीलधारी माणसे गप्प बसली म्हणजे त्यांना पटले, असेही धरून चालू नये. त्या बैठकीनंतर मी त्यांतल्या एका स्नेह्यांच्या घरी जाऊन, त्यांचा पहिला सोमवार कधी धरतात आणि त्या दिवशी काय करतात, एवढेच विचारले. त्यांनी घरातले पंचांग काढले, मी माझे कॅलेंडर मागवून घेतले, आणि भाद्रपदापर्यंतच्या तिथी आम्ही दोघांनी शेजारी शेजारी ठेवून पडताळून पाहिल्या.