बाईचं पोर्ट्रेट: आधी बैठक, मग चेहरा

पोर्ट्रेट शिकायला येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी अमेरिकन चित्रकार रॉबर्ट हेन्रायचं १९१६चं चित्र दाखवते. गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी, स्वतः शिल्पकार, रेशमी जाकीट-विजार घालून कोचावर रेलल्या आहेत आणि सरळ आपल्याकडे बघतायत. बायको विजारीत दिसते म्हणून नवऱ्यानं ते न्यूयॉर्कमधल्या फिफ्थ अॅव्हेन्यूच्या घरी लावू दिलं नाही. मग ते त्यांच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्टुडिओत लागलं. नवऱ्याला खुपली ती बैठक. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

मॉडेलला "अशा बसा" म्हणू नका. गप्पा मारा, आणि बोलता बोलता ती कशी टेकते ते बघा. काडेपेटीएवढी स्केचेस करा, चेहरा न काढता. तरीही ती ओळखू आली, तरच कॅनव्हासला हात लावा.

बर्न्ट अंबर (गडद तपकिरी तेलरंग) टर्पेंटाईनमध्ये पातळ करून मोठ्या फ्लॅट ब्रशनं घासा, उजेडाच्या जागा चिंधीनं पुसून काढा. डोळे किलकिले करून डोकं, अंग, कोच एवढेच आकार मांडा. पार्श्वभूमीही त्याच वेळी रंगवा. नंतर भरली की डोकं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

कपड्यात नवखे फार अडकतात. सगळ्या घड्या मोजू नका. खांदा, कोपर, गुडघा, जिथे कापड ताणलं जातं तिथून निघणाऱ्या घड्या तेवढ्या घ्या. रेशमाचा मधला टोन आधी पूर्ण लावा, मग गडद, आणि चमक अगदी शेवटी, जाड रंगानं, एका फटकाऱ्यात. त्यावर पुन्हा ब्रश फिरवलात तर रेशमाचं मांजरपाट होईल. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं 'मिसेस फिस्क वॉरन आणि मुलगी रेचल' (१९०३) बघा: जवळून नुसते फटकारे, लांबून सॅटिन. सार्जंट कॅनव्हास मॉडेलच्या शेजारी ठेवून, मागे जाऊन दोन्ही एकत्र बघायचा. ही सवय लावून घ्याच.

चेहरा आता. डोळ्यातलं पांढरं पांढरं नसतं, करड्याकडे झुकतं. ओठांची कड रेघेनं बांधू नका.

आणि कळकळीनं सांगते, बाईला गोरी करू नका. सावळ्या कातडीला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), सावलीत थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा). पांढरा रंग मात्र हात राखून वापरा. ओठांशेजारची रेघ तिनं "काढून टाका" म्हटलं तरी ठेवा.