वीज पडून गाय गेली तर: कानातला बिल्ला आणि दोन फोटो

पुरात किंवा विजेने जनावर दगावलं की मदत अडते ती एकाच प्रश्नावर: मेलेलं जनावर तुमचंच कशावरून? महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून जनावराच्या कानात ओळख क्रमांकाचा बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीची भरपाई नाही, असा नियम आहे. म्हणून पावसाळ्याआधीच हे करून ठेवा.

1. प्रत्येक जनावराचे दोन फोटो काढा. एकात 12 अंकी बिल्ला वाचता यावा, दुसऱ्यात अख्खं जनावर आणि शेजारी मालक.
2. ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवा. पुरात आपलाही मोबाईल भिजतो!
3. बिल्ला तुटून पडला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून नवा मारून घ्या. हे काम सगळेच पुढे ढकलतात.

जनावर गेलंच तर तलाठ्यांना आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना लगेच फोन करा. जागेवरचे फोटो बिल्ल्यासकट घ्या. केंद्राच्या 2022 च्या मदतीच्या निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीला 37,500 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये आहेत, तेव्हा शेळ्यांनाही वगळू नका.

पंचनामा आणि शवविच्छेदन होण्याआधी जनावर पुरू नका, आणि बिल्ला कानातून काढू नका.