तबल्याची शाई: कानाच्या जोडीला मोजमाप

नुसत्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर, बेसूरच असतात. मूळ स्वर १ धरला तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे पडतात. शाईच्या, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या गोल थराच्या, वजनामुळे ते १, २, ३, ४, ५ या प्रमाणाजवळ येतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली दाखवलं. पुडी (तबल्याचं चामड्याचं तोंड) नीट बोलत नसेल तर चूक नेमकी कुठे आहे, ते याच प्रमाणावरून शोधता येतं.

फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या स्वरांचा शिखरांसारखा आलेख, दाखवणारं अ‍ॅप घ्या. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणाला १६,३८४ नमुन्यांची खिडकी (एका वेळी तपासायचा तुकडा) ठेवली की साधारण २.७ हर्ट्झचा फरक दिसतो. फोन तबल्यापासून एक फूट लांब धरा.

आधी ताण बघा. गजऱ्याच्या (पुडीच्या कडेची चामड्याची गुंफण) सोळाही घरांवर (वादीच्या पट्ट्यांमधल्या जागा) किनारीला एकेक थाप देऊन दुसऱ्या उपस्वराचा (मूळ स्वराच्या साधारण दुप्पट) आकडा लिहा. तुलना समोरासमोरच्या घरांची नको, प्रत्येक घराची त्याच्यापुढच्या चौथ्या घराशी करा. या उपस्वराच्या कंपनात अर्धं चामडं वर जातं तेव्हा समोरचं अर्धं खाली जातं, त्यामुळे समोरासमोर आकडा तोच येतो आणि दोष लपून राहतो. चार घरांवर फरक दिसला तर गजऱ्यावर हातोडीने ताण सारखा करा. तरीही फरक जात नसेल तर शाई मध्यावर नाही किंवा नीट गोल नाही. अशा पुडीत सूर लहरत राहतो आणि ठोकून तो सुधारत नाही.

मग शाईचं वजन. शाईच्या बरोबर मध्यावर खुली थाप द्या. पहिलं शिखर बहुतेकदा किंचित चढं असतं, ते सोडा. त्याच्या पुढचं टिपा. आता मध्यावर बोट हलकं टेकवून किनारीला वाजवा आणि दुसऱ्या, तिसऱ्या उपस्वराची शिखरं टिपा. ती २:३ हवीत. मध्यावरच्या थापेत टिपलेलं शिखर या तिसऱ्याशी जुळायला हवं. ते खाली असेल तर शाई मध्यभागी जड आहे, वर असेल तर हलकी.

जड शाई मध्यभागी दगडाने हलकेच घासा. भुकटी पुसा आणि पुन्हा मोजा. शाईवर बारीक भेगांची जाळी नसेल तर ती ताठ राहते आणि वरचे उपस्वर चढतात. हा दोष वजन घटवून जाणार नाही. घासताना घाई नको: गेलेला थर परत चढत नाही, सगळी शाई काढून नव्याने लावावी लागते.