बरणीतले टोमॅटो: इंदुरात पाच मिनिटं जास्त उकळा

जानेवारी-फेब्रुवारीत परसातले टोमॅटो एकदम पिकायला लागतात. चोइथराम मंडीतही भाव नेमके त्याच दिवसांत पडतात, म्हणजे विकायची सोय नाही, आणि वाटून तरी किती वाटणार? शेजारच्या काकूंच्या वाफ्यातही तेच पिकलेलं असतं. मग काचेच्या बरण्यांत भरून ठेवायचं मनात येतं, व्हिडिओ बघणं सुरू होतं आणि घोळ तिथेच होतो. ‘गरम गरम भरा, झाकण लावा, बरणी उलटी ठेवा, वर्षभर बघायला नको’ असं छातीठोक सांगणारे ढीगभर आहेत. उलट्या बरणीचं झाकण चिकटतं हे खरं, पण झाकण चिकटलं म्हणून आतलं टिकलं असं होत नाही.

‘आमच्या आजीने कुठे बरण्या उकळल्या होत्या?’ हाही प्रश्न येतोच. आजीचं लोणचं मिठावर, खारावर टिकायचं आणि मुरांबा साखरेवर. टोमॅटोच्या गरात यातलं काहीच नसतं, म्हणून त्याला आंबटपणा आणि उकळ या दोन्हींचा आधार लागतो.

तयारी

टोमॅटो पिकलेले पण घट्ट हवेत. डागी, फुटलेले किंवा वाळलेल्या वेलावर राहिलेले आजच्या भाजीत घाला. त्यांचा आंबटपणा उतरलेला असतो. एक लिटरच्या बरणीला साधारण सव्वा ते दीड किलो लागतात. बरण्या याच कामासाठी केलेल्या जाड काचेच्या घ्या, दोन भागांचं झाकण असलेल्या: वर रबराची कड असलेली चपटी चकती आणि तिला धरणारी रिंग. रिंग पुन्हा चालते, चकती दर वेळी नवी लागते. कॉफीच्या आणि जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत डाळी भरा.

बरण्या आधी वीस मिनिटं उकळून ‘निर्जंतुक’ करायची गरज नाही. भरल्यावर त्या पाऊण तासाहून जास्त उकळणारच आहेत. स्वच्छ धुवा आणि भरेपर्यंत गरम पाण्यात ठेवा, म्हणजे गरम गर पडल्यावर तडकणार नाहीत.

सोलणं आणि शिजवणं

उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट, लगेच गार पाण्यात, साल निघते, देठाकडचा कडक भाग काढा.

चिरण्याबद्दल मात्र एक सांगते. सगळे टोमॅटो चिरून परातीत मांडून ठेवू नका. चिरलेला टोमॅटो थंडच पडून राहिला की त्यातलं गर धरून ठेवणारं पेक्टिन तुटतं आणि नंतर बरणीत गर वर, पाणी खाली असा प्रकार होतो. थोड्या फोडी पातेल्यात टाकून मोठ्या आचेवर चेचा, त्या उकळल्या की बाकीच्या चिरत चिरत घाला. सगळं घालून झाल्यावर पाच मिनिटं उकळू द्या. कांदा, लसूण, मिरची, तेल यांतलं काहीही घालायचं नाही. फोडणी भाजीच्या दिवशी द्या.

आंबटपणा: इथे अंदाज नको

टोमॅटो आंबट असतो, मग वर आंबट कशाला, असं सगळ्यांना वाटतं. पण त्याचा आंबटपणा अगदी सीमेवरचा आहे. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), त्यात ४.६ ही ती सीमा. त्याच्या खाली बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, जंतू वाढू शकत नाही, वर गेलं की वाढू शकतो, आणि पिकलेले टोमॅटो जात आणि पिकण्याप्रमाणे कधी अलीकडे, कधी पलीकडे भरतात. या जंतूचे बीजाणू घरच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवाबंद बरणी ही तर त्यांची आवडती जागा. वरून तेलाचा थर दिला तर उरलीसुरली हवाही अडते. उकळीने बुरशी, यीस्ट आणि बाकीचे जंतू मरतात, बीजाणूंना रोखायचं काम आम्लाचं. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

प्रमाण असं: एक लिटरच्या बरणीत अर्धा छोटा चमचा सायट्रिक अॅसिड, अर्ध्या लिटरच्या बरणीत पाव. हा चमचा मापाच्या संचातला हवा, चहाचा नव्हे, आणि किंचित वर भरून घ्या. हे प्रमाण अमेरिकन क्वार्ट-पाइंटच्या बरण्यांसाठी (क्वार्ट लिटरहून जरा कमी, पाइंट त्याच्या निम्मा) ठरलेलं आहे आणि आपल्या बरण्या त्यांच्याहून थोड्या मोठ्या असतात. सायट्रिक सियागंजाच्या बाजारात सहज मिळतं, फक्त टाटरी मागू नका. त्या नावाखाली टार्टरिक अॅसिडही हातात पडतं. पाकिटावर सायट्रिक लिहिलेलं बघूनच घ्या. ताजं लिंबू पिळून भागवू नका, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा. आम्ल पातेल्यात न घालता प्रत्येक बरणीच्या तळाशी घाला, म्हणजे एखादी सुटणार नाही.

भरणं

वर अर्धा इंच जागा सोडून गर भरा, लाकडी काडी फिरवून हवेचे बुडबुडे काढा, काठ ओल्या फडक्याने पुसा. चकती ठेवून रिंग बोटांच्या टोकांनी जेवढी बसेल तेवढीच फिरवा. घरातल्या पुरुषमंडळींना या कामाला बोलावू नका. त्यांना जोर दाखवायचा असतो, आणि आवळलेल्या झाकणातून आतली हवा निघत नाही.

उकळणं

मलाही सगळ्यात जास्त झगडायला लागलं ते इथेच, कारण वेळेचे आकडे जिथून तिथून उचलता येत नाहीत.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, म्हणजे अठराशे फूट उंच आहे. इथे पाणी १०० अंशांना नाही, जवळपास ९८ला उकळतं. दोन अंशांनी काय होतं असं म्हणू नका, म्हणूनच तर वेळ वाढवावा लागतो. चेचलेल्या टोमॅटोच्या क्वार्ट बरणीला हजार फुटांपर्यंतच्या गावात ४५ मिनिटं आणि हजार ते तीन हजार फुटांत ५० मिनिटं. बडोद्याची माझी नणंद ४५ मिनिटांत मोकळी होते, ग्वाल्हेरलाही तेवढंच पुरतं, पण आपल्याला माळव्यात ५०. पाइंटला याच उंचीवर ४० मिनिटं सांगतात, पण आपली ५०० मिलिलिटरची बरणी पाइंटपेक्षा मोठी असल्याने मी तिलाही ५०च धरते. लिटरच्या बरण्या काठोकाठ मोजून लिटरच्या असतील तरच घ्या, त्याहून मोठ्या नको.

खोल पातेल्याच्या तळाशी जाळी ठेवा. बरण्या एकमेकींना न टेकता उभ्या ठेवा आणि झाकणांच्या वर किमान एक इंच पाणी असू द्या. पाणी खळाखळा उकळायला लागलं की मगच घड्याळ लावायचं, बरण्या ठेवल्या तेव्हापासून नाही. मध्येच उकळ थांबली, सिलिंडर संपला, गार पाणी ओतलं गेलं, तर पुन्हा उकळ आणून पहिल्यापासून ५० मिनिटं. ‘तीस तर झालीच होती, वीस राहिली’ हा हिशोब इथे चालत नाही. पाणी कमी होत असेल तर शेजारी दुसऱ्या भांड्यात उकळतं पाणी तयार ठेवा.

प्रेशर कुकरचं विचारू नका. तो फार पटकन तापतो, पटकन निवतो, आणि बरण्यांसाठी त्याच्या शिट्ट्यांचा हिशोब कोणी तपासलेला नाही. याच कारणाने मटार, भेंडी, गवार घरी बरणीत भरायची नाही. त्यांच्यात आंबटपणा नसतो, त्यांना दाबाखालची, आपल्या उकळीपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते आणि त्यासाठीचं यंत्र वेगळं असतं. इंदुरात मटाराच्या कचोरीवाचून कुणाचं अडतं हे मला ठाऊक आहे. दाणे दीड मिनिट उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, कोरडे करून फ्रीजरमध्ये.

नंतर

गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. बरण्या सरळ उचला, तिरक्या करू नका, पंख्याखाली ठेवू नका, जाड टॉवेलवर अंतराने मांडा. झाकणं ‘टक्’ करून आत ओढली जातील. रिंग पुन्हा आवळायची नाही आणि १२ ते २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी चकतीच्या मध्यावर बोट दाबा. खालीवर झाली तर बरणी फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. बाकीच्यांच्या रिंगा काढून पुसा, तारीख लिहा.

माळ्यावर ठेवू नका, मेमध्ये तिथे भट्टी असते. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगतच्या बंद कपाटात, अंधारात ठेवा आणि पुढच्या हंगामाआधी संपवा. चकती फुगली, काठाशी चिकट लागलं, उघडताना फसकन उडालं तर चाखून बघायचं नाही. तसं काही दिसलं नाही तरी वेळ किंवा आम्ल चुकल्याची शंका असेल तर तेच. बोट्युलिझमच्या विषाला वास-चव असेलच असं नाही. पिशवीत बांधून टाका, गायीपुढे ओतू नका.

उघडलेली बरणी फ्रीजमध्ये, चार-पाच दिवसांत संपेल एवढीच. रस्सा आंबट लागला तर शिजताना गुळाचा खडा टाका. बरणीतलं आम्ल मात्र त्यासाठी कमी करायचं नाही.